जुने किती ठेवावे, नवे किती घ्यावे?

एखादी वस्तू जुनी झाली की तिच्याशी वागण्याच्या दोन सोप्या रीती आपल्याला ठाऊक असतात. एक, ती भंगारवाल्याला देऊन टाकणे. दुसरी, तिला हातही न लावता माळ्यावर किंवा काचेच्या कपाटात ठेवून देणे. पहिल्या रीतीला आपण व्यवहार म्हणतो, दुसरीला आदर. दोन्हींमध्ये एक सोय आहे. त्या वस्तूकडे पुन्हा नीट पाहावे लागत नाही.

तिसरी रीत कष्टाची आहे. तिच्यासाठी आपल्या भाषेत जीर्णोद्धार हा सुंदर शब्द आहे, पण तो आपण देवळांसाठी राखून ठेवला आहे. या लेखात मी तो एका सायकलीसाठी वापरणार आहे. तुम्हाला तो तिथे खटकला, तर लेख वाचून झाल्यावर ठरवा.

इंदूरला राहणारे माझे मामा १९९२ ते १९९४ या काळात कामानिमित्त अमेरिकेत होते. तिथे त्यांनी एक माउंटन बाइक घेतली, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालवायची जाड टायरची सायकल. परत येताना ती सुटी करून खोक्यात भरून आणली. चाके, गिअर, ब्रेक हे सारे पुढच्या दहा-बारा वर्षांत झिजले आणि गंजले. फ्रेम मात्र क्रोमोली पोलादाची, पातळ नळ्यांची आणि हलकी होती. ती जिन्याखाली टांगलेली राहिली. आता त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या सतरा वर्षांच्या मामेबहिणीला, मैत्रिणींबरोबर महूजवळच्या जानापाव टेकडीवर सायकल न्यायची आहे. मामा म्हणाले, "माझीच घे." ती म्हणाली, "घेते, पण आजच्यासारखी करून." तिला मोठी चाके हवी होती, डिस्क ब्रेक हवे होते, पुढे दणके झेलणारा लांब फोर्क हवा होता. मामांना त्यांची सायकल ओळखू यायला हवी होती. दोघेही चूक नव्हते, म्हणूनच वाद लांबला.

हा प्रश्न तुमच्या घरी सायकलीच्या रूपात आला नसेल. आजीच्या पाककृतीत, वडिलांच्या दुकानात, कुळाचाराच्या एखाद्या पद्धतीत तो आलाच असेल. पण सायकलीत तो मिलिमीटरमध्ये मोजता येतो, म्हणून तिच्याकडून शिकणे सोपे जाते.

आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो या वादाला फार जवळचा आहे. माउंटन बाइकचा जन्मच जुन्या फ्रेमला नवे भाग लावण्यातून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातली काही तरुण मंडळी १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या जड सायकली जुन्या बाजारातून शोधून आणत. श्विन कंपनीची एक्सेल्सियर ही त्यातली विशेष आवडती. जाड टायर, भक्कम फ्रेम, एकच गिअर. या मुलांनी त्यांना ड्रम ब्रेक आणि मोटारसायकलचे ब्रेक लिव्हर लावले. गॅरी फिशरने त्यावर अनेक गिअर बदलता येतील असे डिरेलर बसवले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण तीन किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर खाली उतरणारी ती वाट. पेडल उलटे दाबून लागणारा मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतले ग्रीस जळून जायचे, आणि तळाला पोहोचल्यावर हब उघडून ते पुन्हा भरावे लागायचे. या पुन्हा भरण्यालाच इंग्रजीत ‘रीपॅक’ म्हणतात आणि तेच शर्यतीचे नाव पडले.

मात्र त्या जुन्या फ्रेम गावातल्या रस्त्यांसाठी बनल्या होत्या. डोंगराचे दणके खाऊन त्या वाकायच्या, तुटायच्या. म्हणून १९७७ मध्ये त्याच मंडळींपैकी जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवी फ्रेम घडवली. पोलाद नवे, नळ्या नव्या, जोड नवे. पण नळ्यांचे कोन ठरवताना त्याने आधार घेतला तो जुन्या एक्सेल्सियरचाच. उतारावर ती सायकल ज्या शांतपणे धावायची, ते त्याला गमवायचे नव्हते.

हे वाचल्यावर मी बराच वेळ थांबले. जुन्यातले नेमके काय जपायचे, याचे इतके स्पष्ट उत्तर मला आधी मिळाले नव्हते. त्याने लोखंड जपले नाही, कोन जपले.

सायकलीचे कोन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवे. हँडल ज्या पुढच्या नळीत फिरते ती जमिनीशी किती अंशांचा कोन करते, त्यावर सायकल चपळ होणार की संथ, हे ठरते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीच्या माउंटन बाइकमध्ये हा कोन ७१ अंशांच्या आसपास असायचा. आजच्या डोंगरी सायकलीत तो ६५ च्या जवळ आला आहे. त्यामुळे आजची सायकल तीव्र उतारावर निर्धास्त वाटते, तर जुनी झाडांमधून वळणे घेत जाणाऱ्या अरुंद वाटेवर फार चटकन वळते. रंग, गिअर, सीट सगळे बदलले तरी हा स्वभाव बदलत नाही. जन्माच्या वेळी वेल्डिंगच्या साच्यातच तो ठरून गेलेला असतो.

इथे तुम्हाला राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्यातला रथाचा संवाद आठवेल. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, असे विचारत नागसेन राजाला अशा जागी आणतात, जिथे कोणत्याही एका भागाला रथ म्हणता येत नाही, आणि भाग एकत्र आले की ‘रथ’ हे नाव मात्र चालते. तत्त्व म्हणून हे मला पूर्ण पटते. पण व्यवहारात एक गोष्ट जोडावीशी वाटते. सगळे भाग सारखे नसतात. साखळी, ब्रेकचे रबर, टायर हे झिजण्यासाठीच आहेत. ते न बदलणे हाच त्यांच्यावर अन्याय. फ्रेम तशी नाही. ती इतरांना जागा देते, कोण कुठे बसेल हे ठरवते. तिला हात लावण्याआधी जास्त विचार हवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता कामाकडे वळू. सुरुवात आनंदाची झाली. पेडलचा अक्ष ज्या भागात फिरतो, त्या बीबीच्या नळीत आटे असतात. १.३७ इंच व्यास आणि दर इंचाला २४ आटे हे माप विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालत आले आहे. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे घट्ट करायचे तर डावीकडे फिरवायचे. मामांच्या फ्रेममध्ये हेच माप निघाले आणि आजची, बाहेर बेअरिंग असलेली क्रँक त्यात कुरकुर न करता बसली. साखळीच्या दोन पिनांमधले अंतर तेव्हाही अर्धा इंच होते, आजही तेवढेच आहे. मागच्या चाकासाठी फ्रेममध्ये १३५ मिलिमीटर जागा होती. त्या मापाचे नवे हब मिळाले आणि त्यावर अकरा चकत्यांची कॅसेट चढली. सर्वात लहान चकती ११ दात्यांची, सर्वात मोठी ४२. पुढे तीन चकत्यांऐवजी एकच, ३२ दात्यांची. डाव्या हाताचा गिअरचा लिव्हर गेला, त्याची केबल गेली, आणि चढ मात्र आधीपेक्षा सोपा झाला. मामांनीही मान हलवली. बदल म्हणजे नेहमी भर घालणे नसते, हे पाहून मलाही मौज वाटली.

अडचण पुढे आली. आजच्या पुष्कळ माउंटन बाइकला मागे १४८ मिलिमीटरचे हब असते आणि १२ मिलिमीटर जाडीचा अक्ष आरपार जातो. चाके २९ इंची असतात. २६ इंची चाकाच्या रिमवर टायर बसतो तो व्यास ५५९ मिलिमीटर, आणि २९ इंची चाकाचा ६२२. जुन्या फ्रेमच्या मागच्या नळ्यांमध्ये ते चाक शिरतच नाही. पोलाद थोडे फाकवता येते. १३० ची जागा १३५ करणे हे कारागीर वर्षानुवर्षे करत आले आहेत. पण १४८ करायला प्रत्येक बाजूला साडेसहा मिलिमीटर ओढावे लागेल, आणि इतके करूनही आरपार अक्षासाठी जागा नाहीच. एका दुकानात उत्तर मिळाले, "कापून बसवू. होऊन जाईल."

‘होऊन जाईल’ हे दोन शब्द ऐकले की तुम्ही सावध होत जा. ज्याला फ्रेमची मर्यादा माहीत आहे तो सहसा असे म्हणत नाही. तो आधी माप घेतो.

खरा पेच ब्रेकचा होता. मामांच्या सायकलीला कँटिलिव्हर ब्रेक होते, रिमला दोन बाजूंनी धरणारे. मामेबहिणीला डिस्क हवे होते, कारण पावसात रिमचे ब्रेक घसरतात. तिचे म्हणणे खरे आहे. ओल्या, चिखलाच्या उतारावर डिस्क ब्रेक निःसंशय चांगले. एक कारागीर मागच्या नळीला पट्टी वेल्ड करून डिस्क लावून द्यायला तयार होता. पण या नळ्या मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. रिमचा ब्रेक जोर देतो तो वरच्या भागात, जिथे त्यासाठी मुळातच बुंधे वेल्ड केलेले आहेत. डिस्कचा जोर येतो तो खाली, अक्षाजवळ, डाव्या बाजूच्या नळीवर. तो पेलण्यासाठी ती नळी बनवलेलीच नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती आणखी कमजोर होण्याची भीती. म्हणजे ज्या सुरक्षिततेसाठी डिस्क लावायचे, तीच पणाला लावायची.

दुसरीकडे मामांचा हट्ट होता की त्यांचे मूळ ब्रेकच राहू द्यावेत. तिथे मी मामेबहिणीच्या बाजूने उभी राहिले. उतारावर जीव तिचा असणार आहे, आठवण मामांची. दोन्ही एका तराजूत घालता येत नाहीत.

मार्ग फ्रेमनेच दाखवला. कँटिलिव्हरच्याच बुंध्यांवर व्ही-ब्रेक बसतात. शिमानो कंपनीने ते १९९० च्या दशकाच्या मध्यात आणले. त्यांची पकड अधिक चांगली आणि जुळवणी सोपी. फक्त लिव्हरही त्यांचेच घ्यावे लागतात. जुना लिव्हर केबल कमी ओढतो, त्यामुळे व्ही-ब्रेकचे रबर रिमपर्यंत पुरते पोहोचण्याआधीच लिव्हर हँडलला टेकू शकतो. दोन्ही भाग आपापल्या जागी उत्तम, जोडी मात्र चुकीची. अशी जोडी तुम्हाला इतरत्रही दिसली असेल. मी त्यावर अधिक बोलत नाही. नवे ब्रेक, नवे लिव्हर, नवी रिम, मऊ रबर. डिस्कइतके नाही, पण पुष्कळ चांगले. पावसाळ्यात जानापाववर जायचे नाही, ही अट मामेबहिणीने स्वतःच घातली.

फोर्कच्या बाबतीतही असेच झाले. आजचा लांब फोर्क खाली जाड होत जातो, दीड इंचापर्यंत. तो जुन्या सरळ नळीत बसत नाही. बसणारा शोधला तरी पुढची बाजू उंचावते. २० मिलिमीटर उंची वाढली की तो कोन साधारण एक अंशाने कलतो. १०० मिलिमीटरचा फोर्क लावून ७१ अंशांच्या सायकलीला ६५ ची करू पाहणे म्हणजे तिला तिचा स्वभाव सोडायला लावणे. शिवाय पुढच्या जोडावर तरफेसारखा ताण पडतो तो वेगळा. मूळ पोलादी फोर्कच राहिला. मामेबहीण नाराज झाली, पण टायर थोडे रुंद आणि हवा थोडी कमी ठेवल्यावर हातांना बसणारे दणके बरेच कमी झाले.

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे या सगळ्यात मला ओळखीचे काहीतरी सापडले. जुना मजकूर नव्या भाषेत आणताना रोज हाच प्रश्न पडतो: वाकायचे कोणी? मूळ अर्थाला वाकवले तर वाक्य गुळगुळीत होते. माझ्या वाक्याला वाकवले तर मेहनत वाढते. सायकलीच्या दुकानात मला याचे एक साधे परिमाण मिळाले. नव्या भागाला जुन्या फ्रेमप्रमाणे जुळवून घेतले, तर उद्या तो काढून दुसरा लावता येतो. फ्रेम कापली, तर परतीची वाट संपते. परत फिरता येईल असा बदल मोकळेपणाने करावा. परत फिरता येणार नाही असा बदल करण्याआधी ज्यांच्याकडून ती वस्तू आली त्यांच्याशी बोलावे, आणि जे ती पुढे वापरणार आहेत त्यांचाही विचार करावा.

आता थोडे अप्रिय. हे सगळे फ्रेम निरोगी असेल तरच. सीटची नळी काढून फ्रेम उलटी करा, आत साचलेले पाणी आणि गंज बाहेर येतो का ते पाहा. बीबीची नळी हा सर्वात खालचा भाग, पाणी तिथेच साठते. पुढच्या नळीच्या जोडाखाली रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती केवळ रंगाची आहे असे गृहीत धरू नका. रंग खरवडून पाहा. ॲल्युमिनियमची जुनी फ्रेम असेल तर आणखी जपून, कारण लहान लहान दणक्यांचा थकवा ती पोलादापेक्षा कमी सोसते, आणि ती फाकवण्याच्या फंदात तर पडूच नये. चीर सापडली तर त्या फ्रेमवर कोणाला बसवू नका, भावना कितीही गुंतलेली असो. खंडित मूर्तीचे आपण विसर्जन करतो, त्यात मूर्तीचा अनादर नसतो. आमच्या इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी सोमनाथला मंदिर बांधले ते भग्न वास्तूपासून थोडे बाजूला, नव्या पायावर. जुन्या भिंती भार पेलणार नसतील तर त्यांच्यावर शिखर चढवण्याचा आग्रह हा भक्तीचा प्रकार नव्हे. सुदैवाने मामांच्या फ्रेममध्ये चीर नव्हती. असती तर हा लेख निराळा झाला असता आणि मामेबहिणीला नवी सायकल मिळाली असती.

वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून हिशेबही सांगायला हवा. घसाऱ्याच्या नियमाने त्या फ्रेमचे पुस्तकी मूल्य केव्हाच शून्य झाले. नव्या भागांची बेरीज केली तेव्हा एका बऱ्या नव्या सायकलीच्या किमतीच्या जवळ पोहोचलो. तेव्हा पैसे वाचतात म्हणून जुने जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मामांनी १९९२ मध्ये किती डॉलर मोजले हेही कारण होऊ शकत नाही; तो खर्च झालेला आहे, आणि झालेल्या खर्चाकडे पाहून पुढचा निर्णय घ्यायचा नसतो, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मग हे केले कशासाठी? मोह होता का? मामांना मी स्पष्टच विचारले. ते जरा वेळ थांबून म्हणाले, "मोह असता तर टांगूनच ठेवली असती."

मला हे उत्तर अर्धेच पटले. कारण फ्रेम खाली उतरवून देताना मामांनी सायकल दिली होती, पण तिच्यावरचा शब्द दिला नव्हता. सीट इतकीच उंच ठेव, ते जुने हँडल काढू नकोस, अमुक रस्त्याने जा. आपण मुलांना काही देतो तेव्हा बहुधा असेच देतो, आणि मग ते ती वस्तू ‘जपत नाहीत’ म्हणून कष्टी होतो. देणाऱ्याजवळ एक मौल्यवान गोष्ट असते, ती म्हणजे त्या वस्तूची माहिती. ही फ्रेम कुठे कमजोर आहे, कोणता वळसा घेताना पुढचे चाक निसटते, कोणती खोबण पूर्वी एकदा वाकली होती. हे सगळे सांगावे, आडपडदा न ठेवता सांगावे. त्यानंतर हँडलचा रंग आणि सीटची उंची ज्याची त्याला ठरवू द्यावी. घेणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. करवत उचलण्याआधी ती माहिती ऐकून घेणे. मामेबहिणीने ती ऐकली. बीबीचे उलटे आटे तिनेच खोलले, मामांनी फक्त पाना कोणत्या दिशेला फिरवायचा ते सांगितले, आणि त्या दुपारी दोघांमध्ये जे बोलणे झाले ते गेल्या वर्षभरात झाले नसेल असे मामी म्हणाल्या.

जुने ब्रेक, लिव्हर आणि तीन चकत्यांची क्रँक एका डब्यात तेल लावून ठेवली आहेत, चिठ्ठीसह.

रंगाचा प्रश्न अजून बाकी आहे. वरच्या नळीवर अमेरिकेतल्या एका पडण्याचे ओरखडे आहेत, मामांना ते हवेत. मामेबहिणीला गडद हिरवा हवा आहे. फ्रेम तिची आहे, त्यामुळे बहुधा हिरवाच होईल. तुम्ही कधी अशी फ्रेम रंगवायला दिलीत, तर आधी बीबीचे आटे आणि पुढच्या नळीची दोन्ही तोंडे नीट झाकून घ्यायला सांगा. पावडरचा थर आट्यांमध्ये शिरला की नवी क्रँक बसवताना ते पुन्हा एकेक करून साफ करावे लागतात, आणि घाईत तिरका आटा पडला तर तो कायमचा.